आईच्या उंचीचा ओटा

ताई,

इथूनच वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण सरळ व्हायला दोघांची मदत लागली.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं घोरणं? आईचा खोकला गेला का? आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे, म्हणजे कालपासून पुन्हा बोलायला लागली आहे.

तर कळवायचं म्हणजे, ते लाकडी खोपटं आता घर झालं आहे. ‘खोपटं’ हा तुझा शब्द. मी तो मनाला लावून घेतलेला नाही. सुट्टीच्या दिवशी आपण सगळ्यांनी जमायचं, पोरांनी ओढ्यात डुंबायचं, तू आणि मी भांडायचं आणि मधोमध आईनं बसायचं, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. तिची अट तुला पाठ आहेच : जिथे माझा चहा मला माझ्या हातानं करता येत नाही, तिथे मी मुक्काम करणार नाही. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल (तू सोडून), पण आईच आली नाही तर मी त्या घराला कुलूप लावीन, हे स्पष्टच सांगतो.

कामाची सुरुवात मी एका फळीपासून केली. मागच्या भिंतीतली एकच फळी कुजली होती. सुतार म्हणाला, हात लावू नका, मी सोमवारी येतो. आता एवढ्याशा फळीसाठी सुताराची वाट बघणारा माणूस मी नव्हे. उपटली. तेव्हा असं लक्षात आलं की त्या भिंतीत काम करणारी तेवढी एकच फळी होती, बाकीच्या नुसत्या तिच्या जिवावर उभ्या होत्या. (आपल्याकडेही असं एक माणूस आहे, भावोजींना विचार.) अख्खी भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. तुझी भावजय आत स्टुलावर बसून चहा पीत होती. जागची हलली नाही. चहा संपवला, समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि म्हणाली, "उजेड बाकी छान येतोय." म्हणून तिथे आता भली मोठी खिडकी आहे. येणारे-जाणारे विचारतात, ही कल्पना कोणाची? मी नुसता हसतो.

जमिनीला थोडा उतार राहिला आहे. थोडाच. लिंबू ठेवलं तर ते आपणहून दारापर्यंत जातं. केर काढायला हे फार सोयीचं पडतं. मुलांसाठी माळा केला आहे, त्याला शिडी आहे, आणि शिडीच्या वर तुळई आहे, ती मला दर वेळी लागते. संडास आतच घेतला आहे, अगदी शहरासारखा, किंबहुना काकणभर सरसच, कारण त्याच्या टाकीत गरम पाणी येतं. कुठला पाइप कुठे जोडायचा यावर माझं आणि प्लंबरचं वाजलं आणि त्यात मी जिंकलो. अंघोळीला तूर्त गार पाणी आहे. पण सकाळी एकदा तिथे जाऊन बसलं की उठवतच नाही, असं पोरं सांगतात.

ओट्याचं काम मात्र मी कोणावर सोडलं नाही, कारण तो आईचा. मिस्त्रीनं विचारलं, उंची किती ठेवू? मी म्हटलं, आमच्या आईला बेतशीर. तो म्हणाला, आई किती उंच? मी हात धरून दाखवला, माझ्या कपाळाच्या जरासा वर. त्यानं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोलिसात होत्या का?" मी म्हटलं, तू बांध. त्यानं बांधला, दगडी, भक्कम, हत्ती उभा केला तरी हलणार नाही असा. परवा तुझी भावजय त्याच्यापुढे उभी राहिली, वर शेगडी, शेगडीवर पातेलं. आत काय शिजतंय ते तिला वासावरून ओळखावं लागलं. पळी खाली ठेवून म्हणाली, "तुझी आई माझ्या खांद्याला लागते." मी हसलो. अगं, वरच्या फळीवरचा डबा टाचा न उचलता काढणारी बाई ती! दाराची वरची कडी घरात तिच्याशिवाय कोणाला लागायची का, तूच सांग. सुनेला सासू नेहमीच बुटकी दिसते, असं मी बोलून गेलो, आणि मग आमचा अबोला झाला.

ती गेल्यावर मी एकटाच ओट्याला टेकून उभा राहिलो. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा आई सगळा वेळ खुर्चीतच बसून होती, आणि फोनवर तर ती अजून पूर्वीइतकीच उंच वाटते. मी पुन्हा हात कपाळाशी धरून बघितला आणि हळूच खाली घेतला, ताई, खोटं कशाला बोलू. पण ते असो. घर झकास झालं आहे, यात शंका नाही.

मोठ्यांना वाकून, छोट्यांना गालगुच्चा घेऊन, आणि भावोजींना लांबूनच नमस्कार.

तुझा
(कपाळाला टेंगूळ, पण समाधानी) धाकटा भाऊ

ता. क. : भावोजींना आणच. ड्रिल मशीन आणि जुने कपडे बरोबर असू देत म्हणावं. कशाला ते सांगू नकोस. हवा छान आहे एवढंच सांग.

आणखी ता. क. : ओटा पुढच्या आठवड्यात फोडतो आहे. मिस्त्री म्हणतो, या वेळी हात दाखवू नका, माप आणा. खरं तर हे पत्र त्यासाठीच. काहीतरी निमित्त काढून आईला तुझ्या स्वयंपाकघरात उभी कर, जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतचं माप घे आणि कळव. तिला पत्ता लागू देऊ नकोस. लागला तर ‘राहू दे रे, मी पाटावर उभी राहीन’ म्हणेल, आणि माझ्या घरात पाटावर उभी राहून चहा करणारी आई मला बघवायची नाही.

शेवटचा ता. क. : माप फारच कमी आलं तर लगेच कळवू नकोस. मग तिला सांगितलंस तरी चालेल. जरा ताठ उभी राहा म्हणावं, आणि परत मोज.