राखराजाला दार उघडणारी

४ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
बाबांच्या ‘काचनगरी’ची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती निघतेय आणि प्रस्तावना तू लिहितोयस, असं कळलं. नीतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक घरातच असल्यावर प्रकाशक बाहेर कशाला जाईल!

काल एक पेशंट खुर्चीत बसला. तोंडात माझा आरसा, तरी विचारतो कसा, डॉक्टर, राखराजाला दार उघडून देणारी ती तिरळी मुलगी तुम्हीच ना? बाबा आपल्याला कधी मारत नसत. जो चुकेल त्याला पुढच्या प्रकरणात घालत आणि जेवताना मोठ्याने वाचून दाखवत. तुझी पेन्सिलचोरी अर्ध्या पानात मिटली. माझं प्रकरण पन्नास वर्षं छापलं जातंय.

आजारी आईच्या खोलीची खिडकी त्या कडाक्याच्या थंडीत तू उघडी टाकलीस, छज्ज्यावरचा चेंडू काढायला. बाबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, तू बोलशील म्हणून. तू ताटात पाहत राहिलास. मी गप्प, म्हणजे मीच, असं बाबांनी ठरवलं. आठवड्यात आई गेली आणि पुस्तकातली मुलगी, दार उघडल्याचं कबूल न केल्यामुळे, दगड झाली.

प्रस्तावनेत एवढी एक ओळ लिही, की खिडकी तू उघडली होतीस.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, किती उरलाय ते तुझ्या उत्तरावरून कळेल.
तुझी,
बारकी

१५ जून
चि. बारकीस,
अ. उ. आ.
तुझं पत्र वाचून माझं ब्लडप्रेशर वाढलं. अगं, ती कल्पित कथा! खरं बोलावं, हे मुलं त्यातून शिकतात. एका ओळीपायी त्यांच्या मनातली मूल्यं विस्कटायची का? शिवाय माझे विद्यार्थी काय म्हणतील? आणि तुझं तरी काय अडलं? चांगली दातांची डॉक्टर झालीस.

सोबतच्या प्रकाशकाच्या करारावर सही करून पाठव, वारस म्हणून दोघांचीही लागते. वहिनी म्हणते, तुझं मन मोठं आहे. ते तसंच राहो, हा आशीर्वाद.
तुझा,
दादा

२८ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.
प्रकाशकाने तुझी प्रस्तावना दाखवली. ‘सत्य’ नऊ वेळा आलंय. खिडकी एकदाही नाही.

करार सही न करता परत पाठवतेय. पुस्तक बंद पडेल, मुलं संस्कारांवाचून वाढतील, असं तू म्हणशील. वाढू देत. आपण दोघं तर ते थेट लेखकाच्या तोंडून ऐकत वाढलो.
बारकी