निळ्या कव्हरवरची होडी

सोमवार, ४ मार्च

बाबा बोलले! आपणहून!

दुसऱ्या डोळ्यानेही दगा दिल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मी ढीगभर बोलावं तेव्हा कुठे एक ‘हं’ मिळतो. जेवण म्हणजे चिमणीचं. डॉक्टर म्हणाले, ‘डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं, आता यांचं मन सांभाळा.’ मन कसं सांभाळायचं ते मात्र चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

आज मी चहा ओतत होते, आणि भिंतीकडून आवाज आला — ‘आईचं ते निळं पुस्तक कुठे मिळेल का गं?’

निम्मा चहा बशीत. दुसरं काहीही मागितलं असतं तर मला एवढं नवल वाटलं नसतं.

नाव माहीत नाही. लेखक माहीत नाही. आजी ते मांडीवर घेऊन बसायची आणि बाबा ऐकायचे, एवढं माहीत आहे. घरात तेवढं एकच पुस्तक. जुनं कपाट विकत घेतलं होतं, त्याच्या खणात आधीच्या मालकाचं राहिलेलं. जाड, निळं. कव्हरवर होडी — रंगवलेली नव्हे, दाबून उठवलेली, बोटाला लागणारी.

‘डोळे मिटूनसुद्धा ओळखेन,’ म्हणाले. आणि मग स्वतःच हसले. हसले!

मंगळवार, ५ मार्च

गोष्ट काढून घेतली. अर्धी सकाळी दात घासताना, अर्धी संध्याकाळी मी लाँड्रीतल्या कामावरून आल्यावर.

एक नावाडीण असते. एकटी. एक प्रवासी तिच्याजवळ कुलूपबंद पेटी ठेवतो — मी येईपर्यंत सांभाळ, उघडू नकोस. पेटीवर लोखंडी चोचीच्या पक्ष्याचा डोळा असतो. पलीकडच्या काठावर एक म्हातारा मोठ्या भांड्यात रात्र उकळत बसलेला असतो. दाट झाली की ब्रशने आभाळाला फासतो. (ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या!) मग होडी खडकावर आदळते. फळी फुटते. पाणी शिरायला लागतं...

बस्स. तिथेच बाबांना शाळेसाठी आत्याकडे पाठवलं. सुट्टीत परत आले तर घर बदललेलं, पुस्तक गायब.

‘मग आजीला विचारायचं होतं की, पुढे काय झालं ते.’

‘तिला कसं विचारणार?’

एवढंच म्हणाले. मोठा मुलगा झाल्यावर गोष्टी मागायची लाज वाटली असेल. मग — ‘ती अजून तिथेच आहे गं. पाणी शिरतंय.’

आज पोळी पूर्ण खाल्ली. म्हणजे हे पुस्तक मला शोधलंच पाहिजे. नाहीतर हा माणूस पुन्हा भिंतीकडे वळेल, आणि पुन्हा वळवायला माझ्याकडे काही नाही.

शनिवार, ९ मार्च

भाऊ फोनवर: ‘एवढं काय, नेटवर टाक की.’ टाकलं. निळं, होडी, जुनं. लहान मुलांच्या फुगवायच्या होड्या आल्या. त्यानंतर एक निळी पँट. परदेशात बसून सल्ले द्यायला भाऊ पटाईत आहे.

रविवार, १० मार्च

पुस्तकांच्या नव्या दुकानात गेले. शाळेची पुस्तकं सोडली तर जन्मात असल्या दुकानाची पायरी चढले नव्हते. दारातच चपला काढाव्यात की काय असं वाटलं. खरंच वाकलेही होते!

आत — काय लिहू? जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. वरच्यांसाठी चाकं असलेली शिडी. आणि शांतता, पण इस्पितळातल्यासारखी नाही. सगळे जण काहीतरी करत असतानाची. एक आजोबा उभ्या उभ्या वाचत होते. त्यांची काठी हातातून निसटून पडली तरी पत्ता नाही. नवीन कागदाचा वास आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीच्या वासाचा भाऊ लागतो, गरम आणि स्वच्छ.

मला एकच येतं — शंभर पांढऱ्या शर्टांतून एक शर्ट शोधणं. पण त्याला चिठ्ठी टाचलेली असते. इथे एवढी माणसं एवढं लिहून गेली, आणि कुणालाही ते इथे येऊन नुसतं उघडता येतं, कुणी काही विचारत नाही. मला हे माहीतच नव्हतं. रोज याच रस्त्याने जाते मी.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं.
‘नाव काय पुस्तकाचं?’
‘माहीत नाही. निळं आहे.’
हसली नाही, गुणी मुलगी. कॉम्प्युटरमध्ये होडी घातली, नदी घातली, नावाडी घातला. ‘मावशी, इतकं जुनं आमच्याकडे नसणार. मागच्या गल्लीत बघा, जुनी विकतात तिथे. पण वेळ काढून जा हं.’

निघताना काहीच घेतलं नाही म्हणून चोरट्यासारखं वाटलं. एक छोटी पेन्सिल घेतली.

शनिवार, १६ मार्च

मागच्या गल्लीतलं दुकान. बाहेरून सायकल दुरुस्तीचं वाटावं. आत शिरले आणि तोंडाचा आ तसाच राहिला.

खोलीतून खोली, तिच्यातून आणखी खोली. पण गोष्टी एकीकडे, स्वयंपाक एकीकडे, असं काहीच नाही. औषधांच्या पुस्तकाशेजारी भुतांचं, त्याच्याशेजारी विणकामाचं. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘काका, हे लावलंय की ओतलंय?’

दुकानदार नाकावरचा चष्मा कपाळावर नेत म्हणाले, ‘घराघराने लावलंय.’

म्हणजे असं — कुणी घर रिकामं करतं, यांना बोलावतं, हे पुस्तकं उचलून आणतात. एका घरातली पुस्तकं एका फळीवर, त्या घरात होती त्याच क्रमाने. पुरतं वर्षभर ती फळी मोडत नाहीत. ‘बरोबर राहिलेली असतात ना. एकदम ताटातूट बरी नाही.’ गिऱ्हाइकं वैतागतात, बायको वैतागते, पण यांचं हे असंच.

मी परत पहिल्या फळीपाशी गेले आणि सगळं निराळंच दिसायला लागलं. प्रत्येक फळी म्हणजे एक घर! या घरात कुणाला तरी दमा होता. या घरात दोघं होती आणि त्यांचं पटत नव्हतं — एकाची पुस्तकं कव्हर घातलेली, दुसऱ्याची कोपरे दुमडलेली, आणि मधे शब्दकोश. या घरात बाळ झालं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नवीन पुस्तकच नाही.

हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळलं नाही.

रविवार, १७ मार्च

परत गेले. गोष्टींची घरं तेवढी बघितली. सवयीने प्रत्येक पुस्तक झटकून बघते, खिसे तपासतात तसं. एकातून मोराचं पीस, एकातून केसाची पिन, एकातून सिनेमाची अर्धी तिकिटं. सगळं जिथल्या तिथे परत ठेवलं. काका बघत होते. म्हणाले, ‘तुम्ही काम काय करता हो?’ लाँड्री म्हटल्यावर मान डोलावली, कोडं सुटल्यासारखी.

निळी होडी नाही.

बाबा दारातच: ‘मिळालं?’ उठून दारापर्यंत आले होते, भिंत चाचपत.

गुरुवार, २१ मार्च

बाबा रोज दुकानाची खबर विचारतात. दम्याचं घर, न पटणाऱ्यांचं घर. ‘त्यांचं शेवटी पटलं असेल,’ म्हणतात. ‘नाहीतर शब्दकोश कुणीतरी घेऊन गेलं असतं.’

पण जेवताना पुन्हा हात थांबायला लागलाय. आज विचारलंच नाही, मिळालं का.

रविवार, २४ मार्च

मिळालं मिळालं मिळालं.

गोष्टींची सगळी घरं संपली होती. निघावं म्हणून उभी होते. आणि डोक्यात आलं, बाबा काय म्हणाले होते — डोळे मिटूनसुद्धा. म्हटलं, चला. मिटले डोळे. पाठीवरून कळणार नाही, म्हणून एकेक पुस्तक थोडं ओढायचं, कव्हरवरून बोट फिरवायचं, परत ढकलायचं. काका: ‘झोप आली का हो?’

कोपऱ्यातलं घर, तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण तिथे सगळी कामाची पुस्तकं — सुतारकाम, रंगकाम, गाठी मारण्याचे प्रकार. बोटाला काहीतरी लागलं. फुगीर बाक. त्याच्यावर उभी काठी. काठीला आडवी काठी. डोळे उघडायचा धीर होईना. तशीच उभी राहिले, हात कव्हरवर ठेवून.

निळंच होतं.

उघडलं. आत लिहिलेलं — लाकडी होड्यांची दुरुस्ती कशी करावी. आकृत्यांसह.

तोंडात मारल्यासारखं झालं. नावाडीण नाही, प्रवासी नाही. फळ्या, खिळे, फटी बुजवण्याच्या पद्धती. काका म्हणाले, होड्या बनवणाऱ्याचं घर होतं ते. मी परत ठेवणार होते. पण होडी तर होडीच होती. घेतलं.

बसस्टॉपवर बसून नुसती चाळत होते. आणि एका पानावर आकृती — हत्यारांची पेटी. कुलूप लावलेली. पुढच्या पानावर पक्कड. तिचा सांधा म्हणजे गोल डोळा. लोखंडी चोच! पुढे — एक म्हातारा, चुलीवर मोठं भांडं, हातात ब्रश. खाली लिहिलंय, डांबर उकळण्याची रीत.

रात्र! रात्र उकळणारा म्हातारा!

बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मी तिथेच.

आजीला वाचता येत नव्हतं. माझी आजी, जिला मी पाहिलंही नाही — ती चित्रं बघत होती आणि तिच्या मनातून ते सगळं येत होतं. मांडीवर पुस्तक घेऊन, मुलाला कळू नये म्हणून पानं उलटत. दोन मोठमोठी दुकानं पालथी घातली मी. त्यांतल्या कुठल्याच पुस्तकात ती गोष्ट नव्हती.

बाबांच्या हातात पुस्तक दिलं. अंगठा होडीवरून गेला, परत आला. ‘हेच,’ म्हणाले. आणि रडले. मग म्हणाले, ‘वाच.’

मी म्हटलं, दमलेय, उद्या.

सोमवार, २५ मार्च

काय वाचू? खिळ्यांचे आकार वाचू? खरं सांगितलं तर सत्तर वर्षं उराशी धरलेली आई फसवी निघणार, आणि मग ती भिंत आहेच. लाँड्रीत आज दोन गिऱ्हाइकांचे कपडे अदलाबदल केले. मालकांनीच ते परत बदलून ठेवले.

बाबा खुर्चीत. भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड. मी पुस्तक मांडीवर घेतलं. ज्या आकृतीवर फळी फुटलेली आहे ते पान उघडलं. पुढच्या आकृतीत दोन हात फटीत दोर ठासतायत.

घसा खाकरला. आणि मी म्हणाले — ‘तेव्हा नावाडिणीने आपली लांब वेणी कापली.’

शुक्रवार, २९ मार्च

वेणीने फट बुजली. म्हाताऱ्याने रात्रीतली थोडी रात्र तिला उसनी दिली, ती तिने वरून फासली. एक घोटही पाणी आत येईना. त्या रात्री आभाळात एक ठिगळ उजेडाचंच राहिलं.

हे मी बोलते! मी, जिला साधं निमंत्रण लिहायचं तरी दोनदा खोडावं लागतं. तोंड उघडते आणि येतं. आजीचा काही हात असेल का यात?

बाबा दोन पोळ्या खातात. मी येण्याआधी दाढी करून बसतात.

रविवार, ३१ मार्च

काकांना जाऊन सांगितलं, पुस्तक लागू पडलं म्हणून. औषधासारखं बोलले मी. ते म्हणाले, ‘त्या घराची फळी आता बोळकी दिसते.’ पण खूश होते. दम्याच्या घरातलं एक पुस्तक घेतलं, स्वतःसाठी. माझ्या आयुष्यातलं पहिलं.

शेवटची आकृती बघून ठेवली आहे — दुरुस्त झालेली होडी, काठावर पालथी घातलेली. घरासारखी दिसते. पेटीत काय आहे ते अजून मला माहीत नाही. भीती वाटत नाही त्याची.

मंगळवार, २ एप्रिल

‘थांब,’ बाबा म्हणाले. ‘तू वाक्य संपल्यावरच पान उलटतेस.’

मी पानावरचा हात काढून घेतला.

‘खरं वाचणाऱ्याचं पान वाक्याच्या अधेमधे कुठेही संपतं. आईचं कधी तसं संपलं नाही. शाळेत जायला लागलो तेव्हाच कळलं मला. तिला कधी कळू दिलं नाही.’

पुस्तक माझ्या मांडीवर तसंच.

‘आता मला चित्रं दिसत नाहीत. तुला दिसतात,’ म्हणाले. ‘वाच पुढे.’