आपला प्रोजेक्टर आणि पडद्यामागची चिमणाबाई

कोल्हापूर, रविवार

ती. जिनेशदाजी यांना बाहुबलीचा जयजिनेंद्र.

तुमची शुगर ताब्यात आणि आक्काची जीभ मोकळी असेल, अशी आशा करतो. इकडे माझ्यावर घोर अन्याय झाला. मॉलमधल्या थेटरात हिरो आला म्हणून मी शिट्टी मारली, तर टॉर्चवाला 'सर, प्लीज' म्हणाला. कोल्हापुरात! उरलेली शिट्टी तोंडात धरून घरी आलो, तर दारात भंगारवाल्या आकारामचा टेंपो. म्हणे, पुण्याच्या दाजींनी शब्द दिलाय, टॉकीजचा जुना प्रोजेक्टर शिरोलीच्या भट्टीत घालायचा.

दाजी, बंद टॉकीजमध्ये निम्मा हिस्सा तुमचा, मान्य. पण हे यंत्र आजोबांनी तंबूत चालवलं, बैलगाडीत घालून जोतिबाच्या यात्रेला नेलं, आणि मग त्याच्यासाठी टॉकीज बांधलं (देवासाठी देऊळ बांधतात तसं). ते वितळणार नाही. आकारामला म्हटलं, एक खेळ बघ, मग ने.

गल्लीत मधोमध चादर बांधली. एका पैलवानाच्या बोलपटाचं उरलेलं एकुलतं रीळ लावलं. पुरुष पुढं बसले. चिमणाबाई (आपल्या तंबूच्या दारावर तिकिटं फाडायची ती) जुन्या शिस्तीप्रमाणं बायकांना घेऊन पडद्यामागं बसली. पैलवानानं खलनायकाच्या कानाखाली जाळ काढला आणि रीळ संपलं.

"डाव्या हातानं काय हाणली!" चिमणाबाई ओरडली.

"उजव्या, मावशे! डोळं तपास जा," आकाराम.

"माझं डोळं? तुझ्या बाला फुकट घुसताना ह्याच डोळ्यांनी धरलाय की!"

मागून चित्र उलटं दिसतं, हे दोघांनाही ठाऊक. पण माघार कोण घेणार? आकाराम हट्टानं मागं बसला, म्हातारी पुढं. पुन्हा लावलं. आता तिला उजवा दिसला, त्याला डावा, आणि दोघं बाजू बदलून नव्या जोमानं भांडले. शेवटी आकाराम म्हणाला, "मालक, निकाल लागल्याबिगर मशीन हलायचं न्हाय. पुढच्या ऐतवारी परत लावा."

तेव्हा दाजी, हा निकाल मी लागू देणार नाही. दर रविवारी खेळ होईल, शिट्ट्यांसकट. वकील पाठवलात तर त्यालाही पडद्यामागं बसवीन.

तुमचा न ऐकणारा मेहुणा,
बाहुबली

ता.क. प्रोजेक्टरच्या दिव्याला लागणाऱ्या कार्बनच्या कांड्या आता बाजारात मिळत नाहीत, आणि माझ्याकडची शेवटची जोडी आजच्या खेळात जळाली. टॉकीज बंद झालं तेव्हा उरलेला खोका तुम्ही नेलात. तेवढा पाठवा. (पत्र त्यासाठीच.)

आणखी एक. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून आकारामच्या टेंपोत माझा लोखंडी पलंग चढवला. आक्काला सांगू नका. जमिनीवर झोप बरी लागते.