खराब केलेलं रेकॉर्डिंग

आई,

लांबूनच पाया पडतो. माझं बरं चाललंय. घसा बसलाय म्हणून फोन करत नाही, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत? दादा वेळेवर गोळ्या देतो ना?

काल आमच्या त्या म्हाताऱ्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. तू नेहमी विचारायचीस, "एवढी वर्षं त्यांची गाणी टेप करतोस, त्यात तू कुठे आहेस?" मी कुठेच नसायचो. टेप करणाऱ्यानं गायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खोकलासुद्धा गिळायचा, हा आम्हा चाहत्यांचा धर्मच.

काल मात्र पहिल्या गाण्यापासून मी बेसूर ओरडत गायलो. शेजारी टेप करणारा माझा जुना दोस्त भडकला, "अरे, पार वाट लावलीस!" मग मी त्याला सोमवारचं सांगितलं. त्यानं आपलाही माइक माझ्याकडे वळवला.

सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे. जिवाला धोका नाही, तू काळजी करू नकोस. फक्त आवाज राहणार नाही म्हणतात.

तुझ्या टेपवर लागेल म्हणून कॅसेटच पाठवतोय. टाळ्या थांबल्यावर मी तुला हाक मारलीय. यावर दुसरं काही टेप करू नका.

तुझाच,
बडबड्या