टाकीवर चढलेला खेकडा

धाकट्या,

तुझं तोंड बघायची इच्छा नाही, म्हणून लिहून ठेवून जातोय. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, तू तर नाहीच नाही.

मेकॅनिकला आणायला गेलायस ना? त्याला कार्बोरेटरला हात लावू देऊ नकोस. इंजिन ठणठणीत आहे. काल गिऱ्हाईक होडीत बसलेलं असताना ते ऐन पाण्यात बंद पडलं आणि तू चारचौघांत माझ्या नावाने खडे फोडलेस. अरे शहाण्या, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहिलास का? तो आवळलेला असला की टाकीत हवा शिरत नाही. इंजिन थोडा वेळ चालतं, मग पेट्रोल ओढलं जात नाही आणि पाइपमधला रबरी फुगा चपटा होतो. स्क्रू सैल कर, फुगा कडक होईपर्यंत दाब, मग दोरी ओढ.

आवळला कोणी? खेकड्याने. माझ्या पंजाएवढी नांगी होती त्याची. टाकीवर चढला, स्क्रू गच्च पिळला आणि माझ्याकडे बघत तिरका तिरका निघून गेला. मला न विचारता होडी विकायला काढलीस, याचा त्यालाही राग आला असेल.

अक्षर लागत नसेल तर बोंबलू नकोस. काल सकाळपासून माझा चष्मा सापडत नाही. तूच दडवला असणार.

आत्ता तुझी बायको मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणते, "भाऊजी, हा घ्या तुमचा चष्मा. टाकीपाशी सापडला. खेकडा विसरून गेला असेल."