भुलाबाईच्या नावानं

प्रिय गजेंद्र,

मी वरवटले आपल्या घरी पोचली. कंबर जागेवर हाय. अक्षर वाकडं दिसन, चौथीतूनच उठवलं होतं मले, तसंच वाचून घे.

पहिले गोड लिहिते. इरा झकास पोट्टी हाय तुही. खामगावच्या तुमच्या बिल्डिंगीत मी महिन्याची भुलाबाई मांडली, गाणे धरले, तं पोट्टे मोबाइल धरून लांबूनच पाहत. मंग खिरापतीचा झाकलेला डबा खुळखुळवला. वास घ्या, कान लावा, वळखा आत काय हाय. इरानं नाक लावलं अन् फुटाणे म्हणून वरडली. दुसऱ्या दिवशी सारे फोन घरी ठेवून आले. चिंचोके, फुटक्या बांगड्या, विटेच्या तुकड्यानं आखलेले टिक्करचे चौकोन, याच्यावरच महिना गेला. त्याइच्या आया विचारत, आजी, अजून कोणते खेळ येतात? मी लय फुगली. तू म्हणे, आई, दिवाळीपर्यंत राह्य, पोरांले तुही गरज हाय. मले वाटलं, लेकाले अक्कल आली.

कोजागिरीले भुलाबाई बोळवली अन् मी हट्टानं निघाली. घरी येऊन पाह्यते, तं समोरच्या आपल्या मोकळ्या जागेले तारेचं कुंपण! तू जिथं गुडघे फोडले, सारी गल्ली जिथं लंगडी खेळते, तिथं गाळ्यांसाठी खड्डे. शेजारच्या मंजुळाबाईचे नातवंडं तारेबाहेर उभे. मलेच विचारतात, आजी, तू काऊन विकली? खड्डेवाला म्हणे, गजेंद्रभाऊनं सांगतलं, आईचा होकार हाय, दिवाळीपर्यंत ते घरी नाही, तेवढ्यात काम उरका. गाळे उभे दिसले की म्हातारी गप सही देईन.

तवा समजलं मले काऊन बोलावलं. आजी ये ना, असं लेकराच्या तोंडून फोनवर बोलवलं तू. आई कामाले निघते तवा रडक्या पोराले खेळात गुतवते अन् मागच्या दारानं सटकते, तसं केलं तू माह्यासंग. तोंडावर मागतली असती, तं शिव्या देल्या असत्या, अन् मंग कदाचित जागाही देली असती. तुह्या बायकोले, सुचिताले, माहीत होतं का, ते मी विचारत नाही. तू सांगूही नको.

आता कामाचं. गाळेवाला उद्या येऊन राह्यला सहीसाठी. जागा तुह्या बापानं माह्या नावानं करून ठेवली, हे तू इसरला नसशीन. तार मी काढाले लावली. खड्डे पोट्ट्यायनं बुजवले, त्याइले मातीत लोळाले निमित्तच पाह्यजे. इराले सुट्टीत पाठव. तू आला तं चहा भेटन. सही मात्र तुले या पत्राखालीच भेटन, दुसऱ्या कोणत्या कागदावर नाही.

तुझीच आई,
शालूबाई रामराव दामधर