न वाचलेले दोन शब्द

खोडाळा,
भाद्रपद

प्रिय निशा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला हसू येईल. घरामागच्या टेकडीवर चढलं की रेंज मिळते, तिथून फोन करायचा सोडून बाबांनी पानं कशाला खरडली म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? गोळ्या घेतल्या का, आईचा गुडघा कसा आहे, आणि लगेच, बाबा पेशंट आलाय, ठेवते. पेशंट म्हटलं की माझी बोलती बंद. कागदाला मधेच ठेवता येत नाही, म्हणून कागद. तर गुडघा बरा आहे. खालच्या खाचरातला भात चांगला आहे, वरच्या उतारावरची, वरकसवरची नागली डुकरांनी लोळवली. आईने तुझ्यासाठी कुरडया करून ठेवल्या आहेत, पण त्या पाठवायच्या की नाही यावरून सध्या ती माझ्याशी बोलत नाही. खरं कारण कुरडया नाहीत, ते पुढे येईल.

मागच्या आठवड्यात पोशी आली होती. तीच, आपल्या भाताच्या आवणीला दर वर्षी येणारी, ओढ्यापलीकडच्या कुडाच्या झापातली. तिची लेक रामी तुझे जुने फ्रॉक घालून वाढली, हे तुला आठवत असेलच. पोशीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. इंग्रजी कागद आला की तो आपल्या ओट्यावर येतो, ही इथली तीस वर्षांची रीत. बँकेचा असो, कोर्टाचा असो, दवाखान्याचा असो. मी चष्मा पुसायचा, मोठ्याने इंग्रजी वाचायचं आणि मग त्याचं मराठी सांगायचं. इंग्रजी कुणाला कळत नाही, तरी ते आधी ऐकायचंच असतं त्यांना. गुरुजींनी वाचलं म्हणजे झालं, असं म्हणून कागद पुन्हा पिशवीत जातो. आजवर कुणी तो दुसऱ्याकडे पडताळायला नेला नाही. मलाही त्याचा मोठा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

पोशीचा कागद रामीच्या मरणाचा होता. खाली तुझी सही. लांब शेपटीचा तो एन तू दहावीत असताना माझ्या जुन्या हजेरीपटाच्या मागे गिरवून गिरवून बसवला होतास.

त्या कागदावर 'डेथ' हा शब्द चार ठिकाणी आहे, मी मोजला. हा शब्द आपल्या पाड्यांना शिकवावा लागला नाही. ज्या बाईला पेनाला पेन म्हणतात हे ठाऊक नाही, तीही डेत म्हणते. डेतची चौकशी, डेतचा दाखला, यंदा डेत किती. पोरं भुकेने मरायला लागली तेव्हा जीपगाड्या आल्या, त्यांतून साहेब उतरले आणि त्यांच्या तोंडून तो इथे आला आणि राहिला. शाळेत मात्र मी तो निराळा शिकवायचो. इंग्रजीत माणूस मरतो तेव्हाच डेथ म्हणतात असं नाही मुलांनो, कंटाळला तरी म्हणतात, घाबरला तरी म्हणतात, दमला तरी म्हणतात. क्रिकेटच्या शेवटच्या षटकांनासुद्धा डेथ ओव्हर्स. वर्ग हसायचा. मी सांगायचो, हसू नका, आपणही मरणाचं ऊन म्हणतो, मरणाची भूक म्हणतो. तू तेव्हा आठवीत, पहिल्या बाकावर. एकटी तू हसली नाहीस. तुझा भाऊ, आपला गौतम, त्याच पावसाळ्यात गेला होता. तीन वर्षांचा. ताप डोक्यात गेला, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी पाड्यावर पोचला. या शब्दाची दहा वाक्यं लिहून आणा असं मी वर्गाला सांगितलं होतं. तुझी वही परवा ट्रंकेत सापडली. नऊ वाक्यं पुस्तकातली. दहावं तुझं स्वतःचं. 'डेथ केम फर्स्ट, डॉक्टर केम आफ्टर.' त्याच्या शेजारी लाल शाईत माझा शेरा आहे, अक्षर सुंदर. पोरीने काय लिहिलंय ते न बघता मी अक्षर बघितलं. तू डॉक्टर का झालीस ते सगळा तालुका मला विचारतो आणि मी छाती फुगवून सांगतो. त्या वहीबद्दल कधी बोललो नाही, कारण ती माझ्या लक्षातच नव्हती.

पोशीला कागद का वाचून हवा होता, तेही ऐक. रामी गेली, मुलगी जगली. दोन महिन्यांची आहे आता. जावई बाबल्या ती मुलगी उचलून वावर गावी आपल्या आईजवळ घेऊन गेला आणि पोशीला दारात उभं करत नाही. म्हणतो, लेकीला घरात मरू दिलं आणि मढं गाडीत घालून नेलं, अशा बाईच्या हातात पोर देणार नाही. दवाखान्यानेच तसं लिहून दिलंय, असं तो चारचौघांत सांगतो. पोशीने कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यात काय लिवलंय? माझी रामी जित्ती होती ना वं तिथं? पानी मागं ती. मी आयकलं. का माझ्याच कानाला तसा भास झाला?" निशा, ती बाई स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवून बसली आहे. खाल्लेलं अंगी लागत नाही तिच्या, हाडं वर आलीत.

मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. अतिरक्तस्राव वाचला आणि त्याचं मराठी सांगितलं. मधे 'ब्रॉट डेड' असे दोन शब्द होते, तुझ्याच हातचे. तेवढे गाळले. आणलं तेव्हाच मेलेली होती, हे मी त्या बाईला सांगितलं नाही. तिला लागेल म्हणून गाळले असं तू म्हणशील, आईही तेच म्हणते. तसं नाही. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि खोटं कुणाचं आहे हेही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पोशी म्हणाली, मग जित्ती होती का नाही ते लिवलंच नाही व्हय? मी म्हटलं, नाही लिहिलेलं. तिने घडी घातली, पिशवीत ठेवली आणि जाताना आपल्या अंगणातलं गवत उपटून गेली, कागद वाचल्याबद्दल.

आता त्या सकाळचं. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, पण नाही माहीत. रामी पहाटे मोकळी झाली आणि रक्त थांबेना. पोशीने उजाडायची वाटही पाहिली नाही, तशीच धावत आपल्याकडे आली. झोळी करून चौघांनी रामीला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, मी टेकडीवरून फोन करून जीप मागवली होती, तिच्या पुढच्या सीटवर बसलो. वाटभर मागे वळून पोशीला एकच सांगत होतो, घाबरू नको, माझी निशा आहे तिथं. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही तुझ्या दवाखान्यात पोचलो. व्हरांड्यातलं घड्याळ माझ्या समोरच होतं. रामी पांढरी पडली होती, पण बोलत होती. दोनदा पाणी मागितलं. मला म्हणाली, "गुरुजी, पोरगी रडली का?" मी म्हटलं, रडली, चांगली रडली. सिस्टरने सलाईन लावलं आणि तुला फोन केला. मग मी केला. तू झोपेत होतीस. म्हणालीस, बाबा, आय अ‍ॅम टायर्ड टु डेथ, दहा मिनिटं, आलेच. ते तुझं इंग्रजी ऐकून मला त्या वेळीसुद्धा बरं वाटलं, याची आता शिसारी येते. सिस्टर घाबरली होती. ती म्हणाली, मी मागे क्वार्टरवर जाऊन मॅडमचं दार वाजवते. आणि मी तिचा हात धरून तिला थांबवलं. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही पोरीच्या, एकटीवर दवाखाना टाकलाय, झोपू दे दहा मिनिटं, तेवढ्याने काय होतंय. हे माझे शब्द. हे तुला कुणी सांगितलं नसेल, सिस्टर माझी भीड धरून गप्प बसली असेल.

नऊ पंचवीसनंतर रामीने पाणी मागितलं नाही. पावणेदहाला तू आलीस. तुझे केस विंचरलेले होते. हे मी विसरायचा फार प्रयत्न केला, होत नाही. तू नाडी बघितलीस, डोळ्यांत बॅटरी मारलीस, छाती दाबून दाबून घामाघूम झालीस, तेही मी पाहिलं, ते नाकारत नाही. पण मग टेबलाशी जाऊन ते दोन शब्द लिहिलेस आणि पायरीवर बसलेल्या पोशीला म्हणालीस, मावशी, आणायला उशीर केलात. बाबल्या निरोप मिळून नुकताच वावरहून पोचला होता, तिथेच उभा होता. मी पण उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस, मी खाली बघितलं. त्या दिवसापासून आपण दोघं गोळ्या आणि गुडघा यांच्यावरच बोलतो आहोत.

तुझ्यावर किती जणांचं काम आहे ते मला कळतं. वरून चौकशी लागली की सगळ्यात लहान डॉक्टरला पुढे करतात, हेही कळतं. तू थकून झोपलीस, त्याचा मला राग नाही. झोप कुणालाही लागते. पण झोपेचं पाप झाकायला तू ते एका आईच्या पदरात बांधलंस, आणि ती आई लिहिता-वाचता न येणारी आहे हे ओळखून बांधलंस. तुला वाचता येतं ते मी शिकवलं म्हणून, हे आठवलं की मी ताटावरून उठतो.

काल मी पोशीच्या झापात गेलो आणि कागद पुन्हा वाचला. दोन्ही शब्द वाचले, त्यांचं मराठी सांगितलं, मग ते खोटं आहे हे सांगितलं. सिस्टरला मी थांबवलं तेही सांगितलं. मला वाटलं ती माझ्या अंगावर धावून येईल. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे पानी मागतली ते खरंच ना?" मी म्हटलं, खरं. तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांत त्या झापातून मला पाणी विचारल्याशिवाय कधी पाठवलं नव्हतं, काल विचारलं नाही. हे ऐकल्यापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, लेकीच्या पोटावर पाय देणारा बाप. म्हणू दे. येत्या रविवारी मी पोशीला घेऊन बाबल्याच्या घरी जाणार आहे आणि त्याच्या माणसांसमोर काय झालं ते सांगणार आहे. सोमवारी तालुक्याला जाऊन तेच लेखी देणार आहे, माझ्या सहीने, माझ्या चुकीसकट. याचा परिणाम तुझ्या नोकरीवर काय होईल हे मला ठाऊक आहे. तरी बाहेरच्याच्या तोंडून हे तुझ्या कानावर पडू नये म्हणून हे पत्र. रविवारी आठ वाजता खोडाळ्याच्या नाक्यावरून जीप निघेल. एक जागा धरून ठेवायला सांगितली आहे. तू आलीस तर तो कागद तूच वाचून दाखव, तुझ्या तोंडून बाबल्या ऐकेल आणि पोशीच्या हातात तिची नात येईल. त्या दिवशी सिस्टरला मी तुझं दार वाजवू दिलं नाही. आज मीच वाजवतो आहे. ऊठ, निशा.

तुझाच,
बाबा